संक्रांत वेल: लागवड, छाटणी आणि कलमं, नेमक्या क्रमाने

फेब्रुवारी लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. वेल गच्चीभर पसरली आहे, पानं हिरवीगार आहेत, पण संक्रांत होऊन गेली तरी एक घोस नाही. आता कोणतं खत घालू? मी खताचं बोलायच्या आधी विचारते, दिवाळीच्या साफसफाईत वेल छाटली होती का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, पण थोडीशीच." त्या थोड्याशा छाटणीतच त्या वर्षीची फुलं गेलेली असतात.

दुसरा फोन पावसाळ्यात येतो. काड्या लावल्या, पंधरा दिवसांत पालवी फुटली, आणि महिन्याभरात सगळ्या काळ्या पडल्या. इथेही चूक ठरलेली असते: काडी चुकीची निवडलेली असते, मातीत शेणखत घातलेलं असतं, किंवा मुळं आली का ते पाहायला रोज काडी हलवलेली असते.

वेल तशी चिवट आहे. एकदा रुजली की फार लाड मागत नाही. पण क्रम चुकला तर पुढचा जानेवारी येईपर्यंत दुरुस्तीची संधी मिळत नाही, म्हणून खाली प्रत्येक टप्पा त्याच्या वेळेसकट दिला आहे.

## टप्पा १: हातात आहे ती संक्रांत वेलच आहे ना?

तुतारीसारखी फुलं येणारी निदान पाच-सहा झाडं रोपवाटिकांत "ट्रम्पेट" किंवा "घंटी" अशा एकाच नावाने विकली जातात. प्रत्येकाची छाटणी वेगळी, कलमाची पद्धत वेगळी. नारिंगी फुलाचा फोटो पाहून रोप आणलं आणि वर्षभराने ते झुडूप निघालं, असं पुष्कळांचं होतं.

संक्रांत वेलीचं शास्त्रीय नाव पायरोस्टेजिया व्हेनुस्टा. तिची पानं समोरासमोर येतात. एका पानाला दोन किंवा तीन पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) असतात, कडा गुळगुळीत. जिथे दोनच पर्णिका असतात तिथे मधल्या पर्णिकेच्या जागी तणावा (आधाराला धरणारा दोऱ्यासारखा तंतू) असतो आणि तो टोकाशी तीन फाट्यांचा असतो. फूल नसतानाही ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण हीच. फूल नारिंगी, नळीसारखं, ५ ते ८ सेंटिमीटर लांब. पाकळ्यांची टोकं मागे वळलेली आणि त्यांच्या कडेला बारीक पांढुरकी लव.

पानाला पाच-सात पर्णिका आणि कडेला दाते दिसले तर ती टेकोमारिया किंवा कँपसिस समजा. टेकोमारिया झुडूप आहे, तिला तणावे नसतात. कँपसिस खोडावर फुटणाऱ्या बारीक मुळांनी भिंतीला चिकटते. लसूण वेलीची पानं मात्र चांगलीच फसवतात, कारण तिलाही दोन पर्णिका आणि मधे तणावा असतो.

तपासा: एक पान चुरगाळून वास घ्या. लसणाचा वास आला तर ती लसूण वेल, फुलं जांभळी येणार.

## टप्पा २: जागा डिसेंबरच्या उन्हावरून ठरवा

रोप आपण जूनमध्ये लावतो आणि जागाही जूनच्या उन्हावरून ठरवतो. गफलत इथेच होते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या पट्टीतही भरपूर ऊन दिसतं. वेलीला फुलायचं असतं डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या भर दुपारी १० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ ९ फूट पडते. सकाळ-संध्याकाळी तर आणखी लांब. मे महिन्यात लख्ख दिसणारी ती जागा थंडीत दिवसभर सावलीत असते. तिथे वेल वाढते, पानं देते आणि फुलत नाही.

दक्षिण किंवा पश्चिमेकडचं कुंपण, गच्चीचा कठडा, फाटकाची कमान या जागा उत्तम. पूर्वेकडची जागा दुपारपर्यंत ऊन येत असेल तर चालेल. उत्तरेच्या बाल्कनीत ही वेल लावू नका, कितीही हौस असली तरी. थंडीत निदान पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

खोड एकीकडे आणि फांद्या दुसरीकडे असं चालतं, हे लक्षात ठेवा. मूळ सावलीत असलं आणि वेल चढून गच्चीच्या उन्हात पसरली तरी ती छान फुलते.

सावध: आंबा, चिकू अशा जिवंत झाडावर ती चढवू नका. दोन-तीन वर्षांत ती झाडाचा शेंडा झाकून टाकते आणि खालच्या पानांना ऊन मिळत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या बाजूला ती याच सवयीमुळे तण मानली जाते.

## टप्पा ३: खड्डा किंवा कुंडी, पावसाच्या आधी

खड्डा मे महिन्यातच घ्या आणि तापू द्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल पुरे. भिंतीपासून एक-दीड फूट लांब घ्या, अगदी पायाला लागून नको. तिथे बांधकामाचा चुना-सिमेंट असतो आणि पावसाचं पाणीही नीट पोचत नाही. दोन वेलींमध्ये आठ-दहा फूट अंतर ठेवा. जवळजवळ लावल्या तर लवकर भरतं असं वाटतं, पण तिसऱ्या वर्षी कोणती फांदी कुणाची ते कळत नाही आणि छाटणी अशक्य होते.

तपासा: खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. संध्याकाळपर्यंत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसत असेल तर त्या जागी खड्ड्यात लावू नका. जमिनीवर फूटभर उंचीचा, तीन फूट रुंदीचा उंचवटा करून त्यावर लावा.

देशावरच्या काळ्या मातीत हा उंचवटा जवळजवळ सक्तीचाच समजा. खड्डा खोदून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की आजूबाजूची काळी माती वाडग्यासारखी पाणी धरून ठेवते आणि मुळं त्यातच कुजतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत उलटा प्रश्न असतो: पाणी थांबत नाही, आणि अन्नद्रव्यंही वाहून जातात. तिथे शेणखताचं प्रमाण वाढवा.

भरायचं मिश्रण साधं आहे. वरच्या थरातली माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, काळी माती असेल तर जाड वाळू किंवा बारीक मुरूम एक भाग, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. ते वापरू नका, वाळवी आणि हुमणी दोन्ही सोबत येतात.

कुंडीत लावायची असेल तर १८ इंचांपेक्षा लहान नको. अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम सगळ्यात बरा. भोकं तळाला नाहीत तर तळापासून बोटभर वर, बाजूला पाडा. ड्रम फरशीवर टेकला तरी ती बुजत नाहीत.

## टप्पा ४: रोप लावणं

पहिल्या सरीला धावू नका. तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर आतून वाफ येते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती थंड झाली की लावा. कोकणात जूनच्या मध्यापर्यंत लावून घ्या. ते जमलं नाही तर जुलैच्या मुसळधार पावसात न लावता सप्टेंबरची वाट पाहा.

पिशवी फाडून मुळं पाहा. रोपवाटिकेत वर्षभर पडून राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आत गोल फिरलेली असतात. तशीच लावली तर ती मातीत न शिरता तिथेच फिरत राहतात. मी एकदा रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून छातीइतकं उंच रोप मोठ्या आनंदाने आणलं होतं. दोन वर्षं ते जागचं हललं नाही. शेवटी उपटलं तेव्हा मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचाच होता. तेव्हापासून मी फूटभर उंचीचं, तळातून एखाददुसरं पांढरं मूळ डोकावणारं रोप निवडते. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, तळाची फार दाट असतील तर कात्रीने उभे दोन-तीन छेद द्या.

पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच माती लावा. खोडाभोवती माती चढवली तर बुंधा कुजतो. लावल्यावर पायाने दाबू नका, हाताने दाबा आणि भरपूर पाणी द्या.

## टप्पा ५: आधार आणि पहिल्या वर्षीचं वळण

आधार वेल लावायच्या दिवशीच उभा हवा. "वाढली की बांधू" म्हणालात तर फांद्या जमिनीवर एकमेकींत गुंततात आणि सोडवताना तुटतात.

तणावे बारीक गोष्टीला पटकन धरतात. जाड लाकडी खांबापेक्षा वेल्ड मेश जाळी किंवा ८ ते १० गेजची जीआय तार जास्त उपयोगाची. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर खिळे ठोकून फूटभर अंतराने आडव्या तारा ताणा. पावसात भिजलेल्या वेलीचं ओझं खूप होतं, तेव्हा बांबूच्या मांडवावर भरवसा ठेवू नका. तो दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात बसतो, आणि तेव्हा वेल उतरवून पुन्हा चढवता येत नाही.

आता वळण. रोप दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा. खालून तीन-चार फांद्या फुटतील. त्यांना सरळ वर न नेता पंख्यासारख्या तिरक्या, शक्य तितक्या आडव्या बांधा. उभी फांदी टोकालाच वाढत राहते आणि फुलं सगळी वर जातात, रस्त्यावरच्यांना दिसतात, आपल्याला बुंध्याच्या काड्या दिसतात. आडव्या फांदीच्या जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फूट निघते, आणि याच बाजूच्या फुटींच्या टोकांना पुढे घोस लटकतात.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या. तार आणि फांदीमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा घ्या, म्हणजे खोड जाड झालं तरी काचत नाही.

## टप्पा ६: कात्री केव्हा चालवायची आणि केव्हा ठेवून द्यायची

सगळ्या लेखातला हा एकच टप्पा लक्षात राहिला तरी माझं काम झालं.

संक्रांत वेलीचे घोस त्या हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यांत येतात. पावसाळ्यात फांदी वाढते, पाऊस सरल्यावर वाढ मंदावते, थंडी पडू लागते तशा टोकाला जिऱ्याएवढ्या हिरव्या कळ्यांचे झुबके दिसू लागतात. ऑक्टोबरमध्ये टोक कापलं की वेल नवी फूट काढते, पण तिला पिकायला वेळ उरत नाही. ती फूट नुसती पानं देते.

म्हणून नियम असा ठेवा: फुलं संपल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कात्री चालेल. नारळी पौर्णिमेनंतर शेवटचं फूल गळेपर्यंत कात्री हातात घ्यायची नाही. गणपतीला पाहुणे येणार, दिवाळीला रंग द्यायचा आहे, अशी कारणं निघतात. रंगकाम असेल तर फांद्या सोडवून बाजूला बांधा, नाहीतर ते मे महिन्यात करा. दारात लोंबणारी एखादी फांदी अडचण करत असेल तर तेवढीच एक काढा.

मोठी छाटणी फुलं संपल्याबरोबर, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंत करायची. क्रम असा:

१. आधी वाळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुंध्यापासून काढा. आतला गुंता दिसायला लागेल.

२. तीन-चार मुख्य फांद्या ओळखून त्यांना रंगीत चिंधी बांधा. हे गंमत म्हणून सांगत नाही. गुंत्यात चुकून मुख्य फांदी कापली जाते आणि दोन दिवसांनी अर्धी वेल सुकलेली दिसते.

३. मुख्य फांद्यांवरच्या, नुकत्याच फुलून गेलेल्या बाजूच्या फांद्या दोन ते तीन डोळे ठेवून कापा.

४. कापलेल्या फांद्या ओढून काढू नका, फूट-दीड फुटाचे तुकडे करून सोडवा. तणाव्यांनी धरलेल्या असतात, ओढल्या तर चांगल्याही तुटतात.

वर्षानुवर्षं न छाटलेली, खालून बोडकी झालेली वेल असेल तर ती जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आणता येते. पण एका वर्षी निम्म्याच मुख्य फांद्या कापा, उरलेल्या पुढच्या वर्षी. विदर्भ-मराठवाड्यात हे काम मार्चच्या मध्यानंतर करू नका, उघडी पडलेली खोडं उन्हाने भाजतात.

तपासा: छाटणीनंतर महिन्याभरात प्रत्येक मुख्य फांदीवर नवी फूट दिसली पाहिजे. एखाद्या फांदीवर नसेल तर नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत मागे कापा.

## टप्पा ७: पाणी आणि खत

मोठ्या छाटणीनंतर आळं करून एक-दीड घमेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीला चार-पाच ओंजळी गांडूळ खत. जूनच्या शेवटी पुन्हा तेवढंच. ऑगस्टनंतर शेणखत, युरिया किंवा पेंडीचं आंबवलेलं पाणी देणं थांबवा. नत्र मिळत राहिलं की वेल पानं काढण्यातच गुंतते.

ऑक्टोबरमध्ये पालाश द्यायचं असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा मुळाशी. चुलीची राख कोकणातल्या आम्लधर्मी मातीत चालते. काळ्या चुनखडीच्या जमिनीत राख टाकू नका. ती माती आधीच अल्कधर्मी असते, राखेने पानं आणखी पिवळी पडतात.

पाण्याचं थोडक्यात: जमिनीतल्या दोन वर्षांवरच्या वेलीला पाऊस थांबल्यावर आठवड्यातून एकदा पुरतं. कळ्या दिसल्या की आठवड्यातून दोनदा करा. कुंडीतल्या वेलीला थंडीतही वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी हवं. कळ्या असताना एकदा जरी कुंडी पूर्ण वाळली तरी झुबकेच्या झुबके गळतात.

## टप्पा ८: छाट कलम

बियांची वाट पाहू नका, आपल्याकडे या वेलीला शेंगा क्वचितच धरतात. काडीने किंवा दाब कलमाने रोपं करावीत.

वेळ. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैअखेरपर्यंत. छाटणीतल्या काड्या मार्चमध्ये लावता येतात, पण त्या वेळी हवा कोरडी असते, रोज लक्ष द्यावं लागतं. नागपूर-अकोल्याकडे मार्चचा नाद सोडा.

काडी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. शेंड्याची कोवळी काडी कुजते, तळाची जून (पिकून कडक झालेली) काडी मुळं धरायला फार वेळ लावते. हवी असते अर्धी जून. हातात घेऊन वाकवा: नुसती वाकली तर कोवळी, वाकायलाच तयार नसेल तर जून, आणि "कट" आवाज होऊन तुटली पण सालीला लोंबत राहिली तर नेमकी. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी.

मिश्रण. धुतलेली जाड वाळू आणि धुतलेलं कोकोपीट निम्मं-निम्मं. खत अजिबात नाही, चिमूटभरही नाही. काडीला अजून मुळं नाहीत, ती खत घेऊ शकत नाही. खतावर वाढणारी बुरशी मात्र काडीचा ताजा काप लगेच पकडते. बांधकामाची क्रश सँड वापरायची तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. किनाऱ्यावरची खारी वाळू नको.

आता क्रम:

१. आदल्या संध्याकाळी मूळ वेलीला भरपूर पाणी द्या. सकाळी ऊन चढायच्या आत काड्या काढा.

२. सिकेटर धारदार हवा. स्पिरिटने पुसून घ्या. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि तिथूनच कुजते.

३. १५ ते २० सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची काडी करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर आणि सरळ. हा फरक करायचाच, कारण पानं काढल्यावर काडीचं वर-खाली ओळखू येत नाही आणि उलटी लावलेली काडी जगत नाही.

४. खालची पानं आणि सगळे तणावे काढा. वरची दोन पानं ठेवा आणि प्रत्येक पर्णिका आडवी निम्मी कापा. पूर्ण पान ठेवलं तर काडीतलं पाणी उडून जातं, सगळी काढली तर मुळांना लागणारं अन्न तयार होत नाही.

५. काड्या ओल्या फडक्यात ठेवा. पाण्याच्या बाटलीत उभ्या करून दिवस-दिवस ठेवू नका. मनी प्लँटला ते जमतं, या वेलीची काडी पाण्यात बहुधा काळी पडते.

६. खालचा काप ओला करून मुळ्या फुटण्याच्या पावडरीत बुडवा. अर्धपक्व काड्यांसाठी ०.३ टक्के आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेली पावडर मिळते. जास्तीची झटकून टाका. जास्त लावली तर जास्त मुळं येतात हा गैरसमज आहे, काप करपतो.

७. आधी काटकीने मिश्रणात भोक करा, मग काडी घाला. तशीच खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. खालचे दोन डोळे मिश्रणात गेले पाहिजेत. बोटांनी घट्ट दाबा, पोकळी राहू देऊ नका.

८. पाणी देऊन निथळू द्या. वर प्लास्टिकची पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली झाका. आतली पानं प्लास्टिकला चिकटता कामा नयेत. उजेडाच्या सावलीत ठेवा. थेट ऊन लागलं तर झाकणाखाली काडी तासाभरात शिजते.

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये झाकणाची गरज नसते, हवेतच दमटपणा असतो. तिथे उलट वरून छप्पर हवं, नाहीतर रोजच्या पावसाने मिश्रण चिखलासारखं राहतं.

रोज दोन-पाच मिनिटं झाकण काढून हवा द्या. काळी पडलेली काडी दिसली की लगेच काढून टाका. बुरशी पसरतेय असं वाटलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, एकदा फवारा.

सावध: नवी पालवी म्हणजे मुळं नव्हेत. काडीत साठलेल्या अन्नावर दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटते. ती पाहून लोक झाकण काढतात, उन्हात ठेवतात, खत घालतात, आणि काडी मरते. चार आठवडे काडीला हात लावू नका.

मुळं पाहायची घाई आवरत नसेल तर एक युक्ती करा. काडी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावा (तळाला भोकं पाडून) आणि तो ग्लास दुसऱ्या काळ्या किंवा रंगीत ग्लासात ठेवा. आतला ग्लास उचलला की मुळं दिसतात, काडी हलत नाही. मी हे सुरू केल्यापासून काड्या उपटून पाहणं कायमचं थांबलं.

मुळं चार ते आठ आठवड्यांत येतात. सगळ्या काड्या जगत नाहीत, तेव्हा हव्या असतील त्याच्या दुप्पट-तिप्पट लावा.

## टप्पा ९: दाब कलम, ज्यांना एक-दोनच रोपं हवीत त्यांच्यासाठी

घरच्या बागेसाठी मला हीच पद्धत जास्त आवडते. फांदी मूळ वेलीवरच असते, तिला पाणी-अन्न मिळत राहतं, त्यामुळे सुकायची भीती नाही.

जून-जुलैत जमिनीजवळची, पेन्सिलीएवढी फांदी निवडा. टोकापासून दीड-दोन फुटांवर एका डोळ्याच्या खालच्या बाजूला दोन सेंटिमीटर लांबीचा तिरका काप द्या, जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. काप मिटू नये म्हणून मधे काडेपेटीची काडी अडकवा. तो भाग तीन इंच खोल चरात दाबा, वाकवलेल्या तारेने अडकवा, माती ओढा आणि वर एक वीट ठेवा. टोक बाहेर, उभं बांधून ठेवा. जमीन नसेल तर मातीने भरलेली कुंडी शेजारी ठेवून तिच्यात दाबा.

दोन-तीन महिने माती ओलसर ठेवा. हलकेच ओढून पाहिल्यावर फांदी धरून ठेवलेली वाटली की तोडा, पण एका झटक्यात तोडू नका. मूळ वेलीकडच्या बाजूला आधी अर्धा काप द्या, दहा दिवसांनी पूर्ण. या दहा दिवसांत रोप स्वतःच्या मुळांवर जगायला लागतं.

## टप्पा १०: लहान रोपाला बाहेर आणताना

इतक्या कष्टाने आलेली रोपं या टप्प्यावर मरताना पाहणं फार जिवाला लागतं. आठ-दहा दिवस घेऊन झाकण थोडं-थोडं उघडा: पहिले दोन दिवस तासभर, मग अर्धा दिवस, मग रात्रभर. त्यानंतर पाच इंची पिशवीत, माती दोन भाग, वाळू एक भाग, गांडूळ खत एक भाग. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन. मुळं पिशवीच्या तळातून डोकावली की मोठ्या जागी.

जुलैत लावलेल्या काडीचं रोप ऑक्टोबरमध्ये तयार होतं. जमिनीत लावायची घाई नको, थंडी पिशवीतच काढू द्या आणि फेब्रुवारीअखेर किंवा पुढच्या जूनमध्ये लावा.

## नेहमीच्या तक्रारी

पानं पिवळी, शिरा हिरव्या: चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, आणि राख-चुना दूर ठेवा.

पानांवर काळी काजळी, खोडावर मुंग्यांची रांग: काजळी पुसण्यात वेळ घालवू नका, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचं पाणी थोडं, लिटरला, संध्याकाळी. फुलं असताना फवारणी नको. शिंजीर आणि मधमाश्या दिवसभर वेलीवर असतात. तेव्हा हाताने, ओल्या फडक्याने पुसा.

## वेल दुसरीच निघाली तर काय बदलतं

लसूण वेल पावसाळ्यानंतर आणि पुन्हा थंडी संपताना फुलते, तेव्हा तिला प्रत्येक बहरानंतर हलकी छाटणी पुरते. काडी वरच्याच पद्धतीने लागते. पिवळी टेकोमा झुडूप आहे, तिच्या बिया कुठेही रुजतात; रोपं नको असतील तर शेंगा हिरव्या असतानाच तोडा. अलामांडाची काडी कापल्यावर पांढरा चीक निघतो. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, मुलांना दूर ठेवा, आणि चीक वाहायचा थांबल्यावरच काडी लावा. एंजल्स ट्रम्पेट म्हणून मिळणारी ब्रुगमॅन्सिया धोत्र्याच्या कुळातली, सर्वांगाने विषारी आहे. लहान मुलं किंवा जनावरं असलेल्या घरात ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संक्रांत वेलीच्या नव्या रोपाला पहिल्या जानेवारीत एखादाच घोस येईल, किंवा येणारही नाही. आला तर तो पूर्ण फुलू द्या, गळल्यावर त्याच्या खाली दोन डोळे सोडून कापा आणि फांदी आडव्या तारेला बांधा.